चंद्रपूरच्या चौकटीला घानाचा साग

गडचांदूरला घर बांधायला काढलं की सुतार विचारतो, चौकटी कशाच्या करायच्या? आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच यादी सांगायला लागतो. घाना आहे, इक्वेडोर आहे, टांझानिया आहे. मग जरा थांबून, तुमच्या खिशाचा अंदाज घेत म्हणतो, "सीपी पण मिळेल." सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, पण लाकडाच्या बाजारात तो अजून जिवंत आहे. आणि सीपी टीक म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आमच्याच चंद्रपूर-गडचिरोलीचा साग.

म्हणजे बघा. बल्लारशाहचा वनविभागाचा लाकूड डेपो आमच्यापासून गाडीने तासाभरावर. आलापल्लीचं जंगल, जिथला साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्चमध्ये मिरवणूक काढून बल्लारपुरातून रवाना झाला, तेही याच भागात. आणि आमच्या चौकटीचं लाकूड मात्र आफ्रिकेतून जहाजाने कांडला बंदरात उतरतं, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये कापलं जातं आणि ट्रकने अर्धा भारत ओलांडून येतं. तरीही ते स्वस्त पडतं.

हे असं का, याचं सरळ उत्तर अर्थशास्त्रात मिळतं: तिकडे लागवडीचा कोवळा साग, इकडे जंगलातला जुना, पुरवठा कमी, भाव जास्त. पण मला या उत्तराने समाधान झालं नाही. मी मागे मागे वाचत गेलो, तर सागाच्या व्यापारात हे असं उलटंपालटं होण्याची ही पहिली वेळ नाही असं लक्षात आलं.

साग नैसर्गिकरीत्या फक्त चार देशांत उगवतो: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. बाकी जगातला प्रत्येक साग माणसाने नेऊन लावलेला आहे. इंडोनेशियातल्या जावा बेटावर तो इतका जुना आहे की तिथल्या लोकांना तो आपलाच वाटतो, पण तोही बहुतेक शेकडो वर्षांपूर्वी नेलेलाच. अरबीत सागाला 'साज' म्हणतात. शब्द आपलाच, खाडीपलीकडे जाऊन थोडा बदललेला. इराणच्या आखातातल्या सिराफ बंदरातली श्रीमंत घरं या 'साज'ची होती असं मध्ययुगीन अरब लेखकांनी लिहून ठेवलं आहे. त्याही आधी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवहीत भडोचहून आखाताकडे जाणाऱ्या मालात चंदन, तुळया, शिसवाचे ओंडके आणि आबनूस आहेत. जिथे वाळवंट तिथे लाकूड नाही, आणि जिथे लाकूड तिथे सोनं किंवा मोती हवेत, असा तो साधा हिशोब होता.

मराठीत लाकडाच्या आयातीचं धोरण सांगणारा मजकूर अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, हे मला माहीत नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर जे प्रकरण आहे त्यात लाकडाबद्दल सूचना आहेत. सागासारखी झाडं राज्यातल्या जंगलात आहेत, त्यातली लागतील ती परवानगी घेऊन तोडावीत. त्यापलीकडे जे लागेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणस तोडू नयेत, कारण रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. शाळेत आम्हाला यातला आंबा-फणसाचा भाग तेवढा शिकवला, पर्यावरणाच्या धड्यात. परमुलखातून लाकूड आणा, हे वाक्य कुणी वाचूनच दाखवलं नाही. खरं तर आजच्या भारताचं लाकूडधोरण त्या एका वाक्यात बसतं.

त्याच शतकात सागाचा व्यापार खऱ्या अर्थाने जागतिक झाला, आणि तो झाला मुंबईत. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार सुरतेहून ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून मुंबईला आले आणि गोदीत जहाजं बांधू लागले. इंग्लंडची जहाजं ओकची असत. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, खिळे टिकतात, वाळवी लागत नाही, उष्ण समुद्रातला किडा सहज शिरत नाही. आणि नेपोलियनच्या युद्धांपर्यंत इंग्लंडचे ओक संपत आलेले. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये मलबारच्या सागात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही तरंगते आहे, इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावात, संग्रहालय म्हणून. इंग्लंडच्या तरंगत्या युद्धनौकांमध्ये तीच सर्वांत जुनी. १८४२ मध्ये अफूच्या पहिल्या युद्धानंतर चीनने ज्या जहाजावर बसून हाँगकाँग सोडून दिलं ते 'कॉर्नवॉलिस'ही मुंबईच्याच गोदीतलं, सागाचं.

मलबारला याची किंमत मोजावी लागली. १८०६ साली कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या माणसाला जंगलाचा अधिकारी नेमलं आणि सागावर मक्तेदारी बसवली. खाजगी जमिनीवरचा साग तोडायलाही मनाई. लोक इतके भडकले की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने ते पदच रद्द केलं. पण तोवर कंपनीला मलबारची तेवढी गरजही उरली नव्हती. १८२६ मध्ये ब्रह्मदेशाचा तेनासेरीम किनारा इंग्रजांनी जिंकला आणि मौलमीन बंदरातून साग निघू लागला. मलबार पातळ झालं, तर मौलमीन. मौलमीनमागचं जंगल पातळ झालं, तर सालवीन नदीवर आणखी वर. १८५२ मध्ये पेगू. जंगल राखायचं म्हणून कुणी थांबलं असं फारसं दिसत नाही. पुढचं जंगल मिळालं की मागच्यावरचा ताण कमी व्हायचा, इतकंच.

इथे मला माझ्या धंद्यातलं थोडं बोलू द्या. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि इतिहास वाचताना माझा पहिला वेडेपणा म्हणजे आकडे काढून एका तक्त्यात टाकायचे. कुठल्या देशातून कुठल्या वर्षी किती साग गेला, याचा आलेख. तो आलेख निघत नाही. कारण टन.

जुन्या ब्रह्मी आणि सयामी नोंदींत साग टनांत आहे. हा टन वजनाचा नाही, आकाराचा आहे: ५० घनफूट. पण कुठले घनफूट? कापलेल्या चौरस लाकडाचे असतील तर एक टन म्हणजे १.४२ घनमीटर. गोल ओंडक्याचे असतील तर ते 'हॉपस' घनफूट असतात, आणि मग तोच एक टन म्हणजे १.८० घनमीटर. एकाच शब्दात २७ टक्क्यांचा फरक. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली (लवजी मुंबईला आले त्याच वर्षी!) लाकूड मोजायचे तक्ते छापले. पद्धत सोपी: ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळा, गोलाई घ्या, तिचे चार भाग करा, एका भागाचा वर्ग करा, लांबीने गुणा. गोल वस्तूला चौकोन समजून मोजायची ही युक्ती. पाय हा आकडा कुठेच लागत नाही, म्हणून अडाणी माणसालाही जमते. पण तिच्यातून नेहमी खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्केच येतात, कारण गुणोत्तर पाय भागिले चार आहे. उरलेले साडेएकवीस टक्के म्हणजे ओंडका चौरस करताना वाया जाणारा भाग, असं समजायचं आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत. त्या 'वाया' गेलेल्या भागातून पट्ट्या निघतात, सरपण निघतं, हे वेगळं.

ही पद्धत ब्रिटन सोडून गेली असं वाटत असेल तर थांबा. इक्वेडोर, पनामाचा साग भारतीय आयातदार आजही 'हॉपस घनमीटर'मध्ये भाव लावून घेतात. आपल्याकडे शेतकऱ्याचं झाड मोजायलाही पाव गोलाईचंच सूत्र. आणि आंतरराष्ट्रीय जकातीच्या यादीत सागाच्या ओंडक्याला स्वतःचा सहा आकडी क्रमांक मिळाला तो २०२२ मध्ये. तोवर तो 'इतर उष्णकटिबंधीय लाकूड' या गोणीत पडून होता. दोन हजार वर्षं समुद्र ओलांडणाऱ्या लाकडाची वेगळी मोजणी जगाने आत्ता सुरू केली आहे.

पुन्हा ब्रह्मदेशाकडे. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. मुख्य धंदा साग. ब्रह्मी पद्धत अशी की उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती सालीचं आणि वरच्या लाकडाचं कडं कापायचं आणि दोन-तीन वर्षं झाड तसंच मरू द्यायचं. हिरवा साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. मग तोडून हत्तींकडून ओढत ओढ्यापर्यंत न्यायचा आणि पावसाळ्याची वाट बघायची. एक ओंडका जंगलातून रंगूनला पोहोचायला वर्षं लागत. मधल्या वाटेवर किती ओंडके होते, कुणाचे होते आणि राजाची पट्टी कितींवर भरली, यावर वाद होणारच होते.

१८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. आरोप, ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला. इंग्रजांना फ्रेंचांची भीती होतीच, उत्तर ब्रह्मदेश हवाही होता, निमित्त मिळालं. नोव्हेंबरात सैन्य इरावतीवरून वर गेलं, दोन आठवड्यांत राजा थिबॉ शरण आला, १ जानेवारी १८८६ ला त्याचं राज्य खालसा झालं. आणि राजाला पाठवलं कुठे, तर रत्नागिरीला. तिथे १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधला आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. कोकणात सहलीला गेलेल्या प्रत्येकाने थिबा पॅलेससमोर फोटो काढलेला असतो. ओंडक्यांच्या मोजणीवरून राज्य गेलेला हा माणूस, हे मात्र तिथे उभं राहून क्वचितच कुणाच्या लक्षात येतं. बॉम्बे बर्मा ही कंपनी अजून आहे, मुंबईच्या शेअरबाजारात आहे, आणि आता ती वाडिया समूहाची आहे, म्हणजे त्याच लवजींच्या घराण्याची. ब्रिटानियाची बिस्किटं तिच्याच छत्राखाली येतात.

शेजारच्या सयामचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. तिथेही हाच साग, त्याच कंपन्या, त्याच प्रकारचे वाद. चियांग माईच्या सरदारांनी एकच जंगल दोघांना विकायचं आणि इंग्रज प्रजाजनांनी दावे लावायचे, असं चाललेलं. सयामच्या राजाने दंड ठोकला नाही. त्याने १८९६ मध्ये स्वतःचं वनखातं काढलं आणि प्रमुख म्हणून ब्रह्मदेशातलाच एक इंग्रज अधिकारी, हर्बर्ट स्लेड, नोकरीला ठेवला. सागाचा पैसा तिथेही बराचसा इंग्रज कंपन्यांकडेच गेला, पण राज्य राहिलं. एकाच झाडाने एक राजा रत्नागिरीत नेला आणि दुसऱ्याला वनखातं दिलं. यात शहाणपण किती आणि सयामला इंग्रज-फ्रेंचांच्या मधली मोकळी जागा म्हणून मिळालेलं नशीब किती, हे मला ठरवता येत नाही; मला नशिबाचा वाटा मोठा वाटतो.

या सगळ्यात आमचा साग समुद्रापासून लांब असल्यामुळे उशिरापर्यंत वाचला. गोदावरी-प्राणहिता-वर्धा या नद्यांमधून बोटी आत आणायची आर्थर कॉटनची मोठी योजना होती. नदीतल्या खडकांच्या धारांनी ती हाणून पाडली. मग रेल्वे आली. एका मैलाला सुमारे दोन हजार स्लीपर लागत. सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमध्ये रेल्वेचा भाव लागणार या आशेने ठेकेदारांनी जंगलंच्या जंगलं पाडली आणि कितीतरी ओंडके उचलले न जाता वणव्यात जळाले, हे त्या काळातल्या वनाधिकारी जेम्स फोर्साइथने लिहिलं आहे. १८६४ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिच ब्रँडिस याला ब्रह्मदेशातून आणून हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक केलं गेलं. १८६५ मध्ये पहिला वनकायदा. गंमत म्हणजे डच सरकारने जावासाठी वनकायदा केला तोही १८६५ मध्येच, आणि तिथेही जर्मन वनाधिकारी होते. १८७८ च्या दुसऱ्या कायद्याने जंगल 'राखीव' झालं. कुणापासून राखीव, हे चांद्याच्या गोंड-माडियांनी अनुभवलं.

आणि गडचांदूर? गडचांदूर तेव्हा वेगळ्याच देशात होतं. वर्धा नदीच्या अलीकडे, राजुऱ्याच्या बाजूला, निजामाचं राज्य. पलीकडे बल्लारपूर, चांदा म्हणजे इंग्रजी. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून या बाजूला 'मोगलाई' म्हणतात. निजामाचं स्वतःचं वनखातं होतं, आणि हद्दीवर येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर 'करोडगिरी' नावाची जकात होती. म्हणजे नदी ओलांडणं हाच आंतरराष्ट्रीय व्यापार. १९२९ मध्ये काझीपेठ-बल्लारशाह रेल्वे जोडली गेली आणि दिल्ली-मद्रास सरळ रस्ता या दोन 'देशां'च्या सागामधून गेला. १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं, १९५६ मध्ये राजुरा नांदेड जिल्ह्यात आलं, १९५९ मध्ये चांद्यात. नकाशावरच्या रेघा इतक्यांदा सरकल्या तरी झाडांचा मालक बदलला नाही: खातं.

रेल्वेच्या स्लीपरचं पुढे काय झालं, यात आमचं गाव आहे. सत्तरच्या दशकापासून रेल्वेने लाकडी स्लीपर काढून काँक्रीटचे घालायला सुरुवात केली. माणिकगड स्टेशनवरून गडचांदूरला येणारी रेल्वेची फाटा लाईन आहे ती सिमेंटसाठी. सिमेंटने सागाला रेल्वेपासून सोडवलं असं म्हणता येईल. त्याच सिमेंटसाठी चुनखडीच्या खाणींनी आमच्या बाजूच्या टेकड्या खाल्ल्या, हेही म्हणावं लागेल. दोन्ही वाक्यं मी एकाच श्वासात म्हणतो तेव्हा घरी वाद होतो, कारण घरातल्या बऱ्याच जणांचे पगार त्या सिमेंटमधून आलेले आहेत.

मग राखण्याचा काळ आला, आणि मलबार-मौलमीनचा जुना खेळ उलट्या बाजूने सुरू झाला. थायलंडमध्ये नोव्हेंबर १९८८ च्या पुरात डोंगरांवरून ओंडके वाहत येऊन गावं गाडली गेली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारने वृक्षतोड बंद केली. त्याच सुमारास थाई कंपन्यांनी सीमेपलीकडे, ब्रह्मदेशाच्या लष्करी सरकारकडून तोडीचे ठेके घेतले. भारतात १९८८ च्या वननीतीने उद्योगांना सवलतीत लाकूड देणं थांबवायला सांगितलं, १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात मंजूर कार्य आयोजनेबाहेरची तोड आणि परवाना नसलेल्या सॉ मिल बंद केल्या. आपलं जंगल वाचलं, आणि बर्मा टीकचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक भारत झाला. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. मग घाना, टांझानिया, पनामा, इक्वेडोर.

त्यातही एक वळसा आहे. ब्रह्मदेशाचं बी १९१३ मध्ये इंग्रजांनी त्रिनिदादला नेऊन लावलं, आणि तिथून ते मध्य अमेरिकेत पसरलं. म्हणजे तिकडचा कोवळा, वीस-पंचवीस वर्षांत तोडलेला साग निदान काही ठिकाणी तरी ब्रह्मी सागाचाच पणतू. त्याच्यात पिवळट बाहेरचं लाकूड जास्त, गाभा कमी. आमचा सुतार तो हातात घेऊन म्हणतो, "पोरगं आहे हे."

मला इथे राग कुणावर धरायचा ते कळत नाही. जंगल राखायलाच हवं. आलापल्लीच्या राखीव तुकड्यात, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'त, एकेका सागाच्या बुंध्याला दोघांनी मिळून मिठी मारावी लागते, ते पाडावं असं कुणीही म्हणणार नाही. पण आपण राखतो तेव्हा वापर कमी करत नाही, कुऱ्हाड फक्त दुसऱ्याच्या अंगणात पाठवतो. आणि राखलेल्या जंगलात राहणाऱ्याला काय मिळतं? २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, तेंदू ग्रामसभांचा झाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवून देशाला वाट दाखवली. साग त्या हक्कात नाही. इमारती लाकूड खात्याचंच.

खाजगी जमिनीवर उगवलेल्या सागाचीही सुटका नाही. माझ्या मामांच्या धुऱ्यावर अकरा साग आहेत, आजोबांनी ठेवलेले. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमात साग अनुसूचित आहे, तोडायला परवानगी, न्यायला वाहतूक परवाना, मध्ये पंचनामे आणि हातोड्याचे शिक्के. आदिवासी शेतकऱ्यासाठी १९६९ चा आणखी एक कायदा, त्याची फसवणूक होऊ नये म्हणून. हेतू चांगलाच. पण मामांसारखा माणूस कागदांच्या भीतीने उभं झाड उक्त्या भावात व्यापाऱ्याला देतो, कागद व्यापारी करतो.

यंदा एक व्यापारी आला होता. त्याने टेप लावला, चार भाग केले, फोनवर गुणाकार केला. मी शेजारी उभा राहून माझ्या फोनवर तोच हिशोब दोन पद्धतींनी केला. ९० सेंटिमीटर गोलाईचा तीन मीटरचा तुकडा: त्याच्या सूत्राने ५.३६ घनफूट, खरं घनफळ ६.८३. मी मामांना दाखवलं. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं, मग व्यापाऱ्याकडे. व्यापारी शांतपणे म्हणाला की सरकारी डेपोतही असंच मोजतात, आणि खोटं बोलत नव्हता. वर म्हणाला, गांधीधामला सध्या इक्वेडोरचा माल भरपूर आहे, भाव वाढायचा नाही.

मामांनी त्याला परत पाठवलं. दिवाळीनंतर बघू म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी मला ते सूत्र वहीत लिहून द्यायला सांगितलं, पायवालं, आणि खाली अकरा झाडांसाठी अकरा ओळी आखून ठेवल्या.